सांजाव आणि मरीयेचे तीन महिने

24 जून, रात्र

आज सांजाव, गोव्यातल्या ख्रिस्ती लोकांचा सण. दुपारपासून पावसाची झड लागली आहे. शिवोलीच्या ओहोळात सांगोड, म्हणजे होड्या जोडून सजवलेले तराफे, फिरले, वाड्यावाड्यांतल्या विहिरींत उड्या पडल्या, डोक्यावर पानाफुलांची कोपेलां घालून घुमट या मातीच्या वाद्याच्या तालावर पोरं दारोदार गेली. हिंदू शेजारीही पडवीत उभे राहून बघतात. सण आता सगळ्या गावाचाच झाला आहे.

आधी विहिरीचं लिहितो, कारण दरवर्षी जीव घुटमळतो तिथे. जूनमध्ये नवं पाणी चढलेलं असतं, पण गढूळ. तळातली जुनी कळशी, तुटलेला रहाट, पंपाचा पाइप काही दिसत नाही. सकाळीच दोराला दगड बांधून तीन-चार ठिकाणी खोली मोजावी आणि पंपाची वीज मेनपासून बंद करावी. दोर व फुगवलेली ट्यूब काठावर ठेवावी. सूर मारायचा नाही, पाय खाली घेऊनच उडी. एकजण वर येऊन काठाला लागेपर्यंत दुसऱ्याने उतरायचं नाही. आणि फेणी घेतलेल्याने काठावरही यायचं नाही. घात इथेच होतो, बाकीच्या चुका बहुधा निस्तरता येतात. ख्रिस्ती आईबापांनी एवढं एक ‘नाही’ ठामपणे म्हणायला लाजू नये.

आता उडीबद्दल.

बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा हा जन्मदिवस, एवढं पोराटोरांनाही माहीत असतं. उडी कशाची, हे फार थोड्या घरांत सांगितलं जातं. बायबलातल्या लूकच्या पहिल्या अध्यायात देवदूत येशूच्या आईला, मरीयेला सांगतो, तुझ्या नात्यातल्या म्हाताऱ्या अलीशिबेला सहावा महिना चालू आहे. नाताळच्या सहा महिने आधी हा सण येतो तो याच हिशोबाने. मरीया डोंगराळ प्रदेशातल्या तिच्या घरी जाते, दारातून हाक मारते, आणि अलीशिबेच्या पोटातलं बाळ, म्हणजे योहान, आनंदाने उसळतं. गोव्यातला ख्रिस्ती माणूस त्या उसळीच्या आठवणीने विहिरीत उडी घेतो.

म्हणजे ज्याच्या उडीचा हा सण, तो तेव्हा जन्मलेलाही नव्हता.

गर्भातल्या जिवाबद्दल आमच्या मंडळ्यांत, म्हणजे चर्चच्या समुदायांत, जे शिकवलं जातं, ते मी पूर्ण मानतो. तो जीव देवाचा आहे, पहिल्या दिवसापासून आहे, आणि तो काढून टाकण्याचा अधिकार आपल्याला नाही. पण त्याच अध्यायात थोडं पुढे एक लहानशी ओळ आहे आणि तिच्यावर प्रवचन क्वचितच होतं. मरीया अलीशिबेकडे सुमारे तीन महिने राहिली. सहा आणि तीन नऊ. म्हणजे अगदी बाळंतपणाच्या तोंडापर्यंत. त्या घरात एक वयस्कर बाई होती, पोट वाढलेली, आणि नवरा जखऱ्या मुका झालेला. दुसरी एक तरुण मुलगी होती, वाङ्‌निश्चय झालेली पण लग्न न झालेली, तिला पहिले तीन महिने. अलीशिबेने ‘हे कसं झालं’ असं न विचारता आधी आशीर्वाद दिला. पुढचे तीन महिने दोघींनी एकमेकींना काय काय केलं असेल ते ज्याने घरात बाळंतपण पाहिलं आहे त्याला सांगायला नको.

आपण उसळीची ओळ वाचतो आणि तीन महिन्यांची ओळ सोडून देतो. गर्भपाताविरुद्ध हात वर करणाऱ्या घरातच मुलीला लग्नाआधी दिवस राहिले की तालुका ओलांडून, कुणी ओळखणार नाही अशा ठिकाणी तिला नेलं जातं. तिथे विश्वास कमी पडलेला नसतो, लाज वरचढ झालेली असते. पोरीला आईबापाचा राग सोसतो, पण उद्या मंडळीत आपलं काय होईल या भीतीने ती मोडते.

म्हणून ज्या घरात हे येईल त्या घरासाठी हे लिहून ठेवतो.

पहिल्या रात्री बापाने कमीत कमी बोलावं. ‘तू आमची आहेस, आम्ही तुझ्याबरोबर आहोत,’ एवढं पुरे. कुणी, कधी, कुठे हे प्रश्न दुसऱ्या दिवशी. मावश्या-आत्यांना फोन नको, प्रार्थनेसाठी म्हणूनसुद्धा नको. प्रार्थना-विनंतीच्या नावाखाली बातमी गावभर जाते, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

त्याच आठवड्यात डॉक्टर. सोनोग्राफीने दिवस नक्की करून घ्यायचे आणि गर्भ गर्भाशयातच आहे ना हे बघायचं. गर्भ नळीत असेल, पोटाच्या एका बाजूला तीव्र दुखत असेल, रक्त जात असेल, चक्कर येत असेल, खांद्याला कळ लागत असेल, तर त्याच क्षणी 108. तिथे ‘देव बघेल’ म्हणून थांबायचं नाही. नळीतला गर्भ वाढून जगू शकत नाही आणि नळी फुटली तर आईचाही जीव जाऊ शकतो. तो उपचार म्हणजे आपल्या विश्वासाशी तडजोड नाही, हे पाळकांनी, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंनी, उघडपणे सांगायला हवं. बाकी सगळं ठीक असेल तर रोज 400 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड, रक्तातलं हिमोग्लोबिन तपासणं, तिसरा महिना संपल्यावर डॉक्टर सांगतील तशा लोहाच्या गोळ्या. गोळी चहाबरोबर घेतली तर लोह नीट अंगी लागत नाही, लिंबूपाण्याबरोबर घ्यावी.

कायदा काय म्हणतो तेही घराला माहीत असावं. 2021 च्या दुरुस्तीनंतर 20 आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मताने आणि ठरावीक कारणांसाठी 24 आठवड्यांपर्यंत दोघांच्या मताने गर्भपात करता येतो. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात अविवाहितेलाही धरलं. कायदा परवानगी देतो म्हणून आपल्याला ते योग्य ठरत नाही. पण त्याच कायद्यात सज्ञान मुलीची संमती फक्त तिचीच लागते, बापाची नाही, आईची नाही, मुलाच्या घरच्यांचीही नाही. ‘घरच्यांनी ठरवलं’ म्हणून तिला टेबलावर झोपवणं गुन्हा आहे, आणि देवापुढे तर त्याहून मोठा. मुलगी अठराच्या आत असेल तर पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, लागतो. डॉक्टरला पोलिसांत कळवावंच लागतं, आणि घरानेही लपवू नये. 1098 या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर फोन करून मदत मागता येते. मुलगा मंडळीतला, ओळखीच्या घरचा म्हणून प्रकरण दाबणं हा तिच्यावरचा दुसरा अन्याय.

मग लग्नाची घाई. ‘पोट दिसायच्या आत उरकू या.’ मुलाने जबाबदारी घेतलीच पाहिजे, त्याच्या आईबापांना समोर बसवून हे बोललं पाहिजे, खर्चात त्याचा वाटा पहिल्या महिन्यापासून ठरला पाहिजे. पण जबाबदारी आणि लग्न एक नव्हे. मारकुटा, दारुडा किंवा नाइलाजाने उभा राहिलेला मुलगा गळ्यात बांधला की एका पापाची भरपाई आयुष्यभराच्या दुःखाने होते. दोघांची खरी इच्छा असेल तर करावं, आणि गोव्यात ते नीट करावं. इथे नागरी नोंदणी दोन टप्प्यांची आहे. आधी निबंधकापुढे इराद्याची सही, मग मुदत गेल्यावर पुन्हा जाऊन दुसरी सही. कॅथलिक जोडपं निबंधकाचा दाखला घेऊन चर्चमध्ये जातं आणि तिथल्या विवाहाची नोंद पुढे होते. आमच्यासारख्या इतर मंडळ्यांच्या जोडप्यांनी दुसरी सही विसरू नये. पहिल्या सहीवर थांबून, हार घालून, जेवण देऊन संसार सुरू करणारी घरं आहेत, आणि पुढे मालमत्तेच्या वेळी बाईला कळतं की कागदावर ती बायकोच नाही. वेगळा करार नसेल तर गोव्यात नवराबायकोची मालमत्ता सामाईक होते, विकायला दोघांच्या सह्या लागतात, मुलीला मुलाइतकाच वाटा मिळतो. ‘दोघे एकदेह होतील’ याचा अर्थ इथल्या जमीन-घरापर्यंत पोहोचतो, आणि मला याचा आनंद वाटतो.

बाळ वाढवणं खरंच जमणार नसेल तर दत्तक देणं हे प्रेमाचंच काम आहे. नेहमीचा कायदेशीर मार्ग: बाल कल्याण समितीपुढे जाऊन बाळ सोपवणं. सही केल्यावर आईला विचार बदलायला 60 दिवस मिळतात, आणि तिचं नाव बाहेर सांगितलं जात नाही. स्टॅम्प पेपर करून मूल नसलेल्या नातेवाइकांना बाळ देऊन टाकणं बेकायदा आहे. हेतू चांगला असला तरी पुढे त्या लेकराचे कागदच उभे राहत नाहीत.

लग्न झालेल्या घरांतही परीक्षा येते, आणि ती 18 ते 20 आठवड्यांच्या सोनोग्राफीला येते. रिपोर्टवर काहीतरी लिहून येतं आणि पुढचे दोन-तीन दिवस नवराबायको एकटे असतात. तपासणी दोन जातींची असते. एक फक्त शक्यता सांगते, दुसरी निदान करते. रक्ताच्या चाचणीत 1:100 आलं म्हणजे शंभरातल्या नव्व्याण्णव बाळांना तो दोष नसतो. डॉक्टरांना विचारावं: हे निदान आहे की शंका? खात्री कशाने होईल, आणि त्या तपासणीत बाळाला धोका किती? बाळ जन्मलं तर पहिल्या महिन्यात त्याला काय लागेल? शेवटचा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. उत्तर कठीण आलं तरी बाळाला नाव द्यावं, आणि पाळकांनी त्या घरी जावं. त्यांनी अर्थ समजावत बसू नये. जेवून यावं.

आता डबा, म्हणजे बाळंतिणीच्या घरी मंडळीतून जाणारं जेवण. इथेच मंडळीचा विश्वास दिसतो, आणि इथेच घोटाळा होतो. पहिल्या आठवड्यात घरात पाच पातेली येतात, तीन सांडतात. तिसऱ्या आठवड्यात कुणी नसतं, आणि बाई खरी थकते ती तेव्हाच. नवरा तारवटी असेल, बोटीवर सात-आठ महिन्यांच्या करारावर, तर मग कुणीच नाही. म्हणून डब्यांची यादी पहिल्या दिवसापासून नको, आठव्या दिवसापासून सुरू करावी आणि बारा आठवडे चालवावी. मंगळवार आणि शुक्रवार, दोनच दिवस. एका घराकडे एक वार, महिन्यातून एकदाच. पेज, मुगाची आमटी, पालेभाजी, उकडलेली अंडी, मसाला बेताचा. स्टीलचा डबा, झाकणावर नावाची पट्टी, आणि परत घ्यायला डबा आणणाऱ्यानेच जायचं, बाळंतिणीने धुऊन पोहोचवायचा नाही. दारात दहा मिनिटं. बाळ मागून घ्यायचं ते तिला अंघोळ करता यावी म्हणून. दोन आठवड्यांनंतरही ती सारखी रडत असेल, झोप येत नसेल, बाळाकडे बघवत नसेल, तर ‘प्रार्थना कर’ म्हणून निघून येऊ नये. तिला डॉक्टरकडे घेऊन जावं, आणि रिक्षात प्रार्थना करावी.

लग्नाआधी दिवस राहिलेल्या मुलीच्या घरीही हीच यादी. तेच वार, तसाच डबा. तिची यादी वेगळी केली किंवा गुपचूप केली की तिला बरोब्बर कळतं.

पाऊस आता थोडा उणावला आहे. लांब कुठेतरी अजून घुमट वाजतं आहे. सप्टेंबरपर्यंतच्या यादीत बहुतेक चौकोन भरले आहेत. ऑगस्टमधले दोन मंगळवार रिकामे आहेत, रविवारी उपासनेनंतर त्यांची नावं विचारायची.