नखावरची लाली

मी गडचिरोली जिल्ह्यातल्या कोरची तालुक्यातील एका उपकेंद्रात आरोग्यसेविका आहे. मे महिन्यात तेंदूपत्त्याच्या हंगामात गावे पहाटेच जंगलात जातात, म्हणून त्या दिवशी मीही ओआरएसची पाकिटे घेऊन बायांसोबत निघाले होते. डोक्यावर पानांचे ओझे घेऊन नाला उतरताना एका तरुण सुनेचा पाय दगडांत अडकला आणि ती कोसळली. उजवी नडगी मधोमध वाकली होती. कातडी मात्र शाबूत होती. डांबरी रस्ता ४ किलोमीटर दूर होता आणि मोबाइलला रेंज नव्हती, म्हणून १०८ला फोन करायला तिच्या दिराला टेकडीवर धाडले.

"बाई, घरी नेऊन तेल लावून चोळलं का सरळ होते," सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या काळजीबद्दल मला शंका नव्हती; पण चोळताना हाडाचे धारदार टोक आतली रक्तवाहिनी कापू शकते किंवा कातडी फाडून बाहेर येऊ शकते, हे मी सुनेचा मोडलेला पाय स्थिर धरूनच त्यांना समजावले. सूज चढण्याआधी साबण लावून तिची जोडवी काढली. मग बांबू चिरून मांडीपासून टाचेपुढे जातील एवढ्या दोन कामट्या केल्या, कारण मोडलेल्या जागेच्या वरचा गुडघा आणि खालचा घोटा, दोन्ही हलता कामा नयेत. गुडघ्याखालच्या पोकळीत डोक्यावरची चुंबळ उलगडून भरली आणि दुपट्टे फाडून, मोडलेली जागा मोकळी सोडून, गाठी कामटीवर बांधल्या.

येथेच माझी चूक झाली. पाय हलू नये या धास्तीने घोट्यावरची गाठ मी फार आवळली. पायाच्या अंगठ्याचे नख दाबून सोडले की, खाली रक्त नीट पोचत असेल तर, २ सेकंदांत लाली परतायला हवी. ते पांढरेच राहिले आणि "बोटं सुन्न झाली," असे ती म्हणाली. गाठ सैल करून पुन्हा दाबले, तेव्हा नख हळूहळू गुलाबी झाले. तो क्षण मला आजही स्पष्ट आठवतो.

पानांच्या दोन पोत्यांचे खालचे कोपरे कापून त्यांतून बांबू ओवले आणि तिला त्यावर घेतले. खांदेबदलासाठी थांबू तेव्हा सासूबाई स्वतःच वाकून नख दाबायच्या आणि मोठ्याने सांगायच्या, "आली लाली." रस्त्यावर रुग्णवाहिका उभी होती. मी बांधणीची आणि गाठ सैल केल्याची वेळ सांगितली. जोडवी सासूबाईंनी पदराच्या गाठीत बांधून घेतली होती.