ब्रेक मारला की डावीकडं, सोडला की उजवीकडं

आमची गाडी म्हणजे १९६७ चा टाटा-मर्सिडीज ट्रक. टाटांचा डाइमलर-बेंझशी करार १९५४ ते १९६९ असा होता, त्यामुळं आमच्या जाळीवर अजून मर्सिडीजची तीन टोकांची चांदणी आहे. अण्णांनी कोरेगावचा घेवडा, आलं, ऊस सगळं याच गाडीतून वाहिलं. मग कित्येक वर्षं ती शेडमध्ये उभी राहिली. गेल्या दिवाळीनंतर इंजिन सुरू झालं आणि ब्रेकचा प्रश्न पुढं आला.

एका गॅरेजमध्ये दोनदा सेटिंग करून आणलं. पहिल्या वेळी गाडी ब्रेक मारताच डावीकडं ओढायची. तक्रार केल्यावर त्यांनी पुढच्या उजव्या चाकाचे शू, म्हणजे ड्रमला आतून घासून चाक थांबवणाऱ्या कमानी, आवळून दिले. तेव्हा ओढ कमी झाली, पण संगम माहुलीचा पूल ओलांडून साताऱ्यात शिरेपर्यंत उजव्या ड्रममधून जळका वास यायला लागला. उतरून बघितलं तर हबला, चाकाच्या मधल्या भागाला, हात लावता येत नव्हता.

परत येताना अण्णा शेजारी बसले होते. वय ७९, पण लक्ष सगळं गाडीकडं. घराजवळ आल्यावर म्हणाले, "आरं, ब्रेक मारला की डावीकडं जातीया, पण सोडला की उजवीकडं वढतीया. सेटिंगचा दोष असा दोन्हीकडं न्हाई दिसत." दोन-चार वेळा मुद्दाम ब्रेक मारून, सोडून बघितलं. अगदी तसंच होत होतं.

तेव्हा ठरवलं की काम घरीच करायचं. अण्णांच्या वेळचे मिस्त्री, आम्ही त्यांना चाचा म्हणतो, रोज सकाळी दोन तास यायला तयार झाले. हात माझे, नजर त्यांची.

चाचांनी आधी काहीच खोलू दिलं नाही. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावले, पुढचा अ‍ॅक्सल जॅकनं उचलून खाली लोखंडी घोड्या (टेकू) दिल्या. ब्रेक दाबून सोडला. डावं चाक हातानं फिरलं, उजवं जाम. चाचांनी आधी चाकाकडं जाणाऱ्या रबरी होजच्या वरच्या टोकाचा, स्टीलच्या पाइपाकडचा नट जरासा सैल करायला सांगितला. चाक तसंच जाम. नट आवळला आणि मग चाकातल्या शूंना दाबानं ढकलणाऱ्या व्हील सिलेंडरचा निपल, म्हणजे ऑइल बाहेर सोडायचं छोटं तोंड, अर्धा फेरा सोडला. ब्रेक ऑइलची बारीक चिळकांडी उडाली आणि चाक सुटलं.

म्हणजे दाब होजच्या खालच्या बाजूला अडकला होता. होज काढून चाचांनी ब्लेडनं उभा चिरला. बाहेरून ठणठणीत, आतलं रबर मात्र फुगून भोक जवळजवळ बंद झालेलं. पेडल दाबलं की ऑइल उजव्या चाकाला उशिरा पोचायचं, म्हणून गाडी डावीकडं. पेडल सोडलं की ते परत यायचं नाही, म्हणून उजवीकडं. दोन्ही लक्षणांना एकच कारण, आणि आम्ही शू आवळून ते झाकत बसलो होतो. पुढचे दोन आणि मागच्या अ‍ॅक्सलचा एक, तिन्ही होज नवीन घातले.

आता चारी चाकं उघडायचीच होती. डाव्या बाजूच्या चाकांच्या नटांना आमच्या गाडीत उलटे आटे आहेत. हे ठाऊक नसेल तर माणूस पान्यावर उभा राहून बोल्ट तोडतो. ड्रम निघेना तेव्हा आधी अ‍ॅडजस्टर सैल करून शू आत घेतले, कारण वापरानं ड्रमच्या काठाला कंगोरा येतो आणि शू त्यात अडकतात. आतल्या धुळीला हवा मारायची नाही, यावर मी ठाम राहिलो. शूवरच्या जुन्या घासपट्टीत, म्हणजे लायनरमध्ये, अ‍ॅस्बेस्टॉस असतो आणि ती धूळ फुफ्फुसात जाते. ओल्या फडक्यानं पुसून फडकी पिशवीत बांधली. चाचा म्हणाले, आम्ही जन्मभर तोंडानं फुंकत आलो. ते वाक्य मला फार लागलं.

उजवं लायनर काचेसारखं गुळगुळीत झालं होतं आणि ड्रमवर निळे डाग. मागच्या डाव्या सिलेंडरचा पिस्टन गंजून चिकटलेला, आत खड्डे, तो बदललाच. बाकीच्यांना नवीन रबरं घातली. गॅरेजवाल्यांनी जुनी रबरं डिझेलनं धुतली होती. डिझेलनं ती फुगतात. रबर धुवायचं ते ब्रेक ऑइलनंच. पुढचे दोन्ही ड्रम एमआयडीसीतल्या लेथवर सारख्याच मापाला टर्न केले आणि लायनरही दोन्ही बाजूंची बदलली. एकाच बाजूचं बदललं तर ओढ पुन्हा येणार. रिव्हेट मधून सुरू करून टोकांकडं मारत गेलो, म्हणजे लायनर शूवर नीट बसतं. मग लायनरला खडू फासून ड्रम फिरवला. खडू फक्त मध्ये पुसला गेला. दोन्ही टोकं टेकेपर्यंत पॉलिश पेपरनं घासण्यात एक अख्खी सकाळ गेली.

पाइपांत शिरलेली हवा, म्हणजे एअर, काढायला पेडलवर अण्णा बसले. सर्वांत लांबचं मागचं डावं चाक आधी, मग मागचं उजवं, पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. मी खालून "दाबा" म्हणायचो, ते "धरलंय" म्हणायचे. मी निपल सोडायचो, बंद करायचो, मग "सोडा". बाटलीत बुडवलेल्या नळीतून बुडबुडा यायच्या आधीच त्यांचा पाय सांगायचा, "अजून पोकळ हाय." ऑइल नव्या, सीलबंद डब्यातलंच घेतलं. डॉट ३ प्रकारचं हे ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं. कोरडं असताना ते २०५ अंशांना उकळतं, पाणी मुरल्यावर १४० च्या आसपास. घाटात ते उकळलं तर पाइपात वाफ होते आणि पेडल खाली जातं. आमच्या गाडीला एकच सर्किट, म्हणजे चारी चाकांना ऑइलची एकच वाट, दुसरा आधार नाही.

सेटिंग सगळ्यांत शेवटी. एकेक शू चाक अडेपर्यंत आवळायचा, पेडल जोरात दाबून शू जागेवर बसवायचे, परत आवळायचं आणि चाक मोकळं फिरेपर्यंत मागं घ्यायचं. कान लावला की हलकी घासणी ऐकू येते, तेवढीच ठेवली.

पुढचे काही दिवस रिकामी गाडी फिरवून लायनर बसू दिलं. मग पाचगणीहून पसरणी घाट उतरलो. ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये, ब्रेकवर पाय ठेवून न देता, लागेल तेव्हाच दाबून. खाली धोमचं पाणी दिसत होतं. अण्णा दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले होते.

वाईत गाडी थांबवली. अण्णा उतरले आणि चारी हबांजवळ हाताचा पंजा उलटा धरत गाडीला फेरी मारून आले. पुढच्या उजव्यापाशी जरा जास्त थांबले.

"सारखंच हाय," म्हणाले, आणि चहाच्या टपरीकडं निघाले.