फ्लॅट होमच्या वाटेवरची लाल दोरी

फ्लॅट होम बेटाकडे जायला वेल्समधल्या कार्डिफ बेच्या धक्क्यावर आम्ही वेळेत पोचलो, तरी बोट सुटायला अर्धा तास लागला. भाचीची चुळबुळ चालली होती. मला मात्र तो अर्धा तास पुढच्या सगळ्या सफरीइतकाच महत्त्वाचा वाटतो.

आमची स्कीपर, म्हणजे बोटीची कप्तान, पन्नाशीची, उन्हावाऱ्यात रापलेल्या चेहऱ्याची बाई होती. तिने एकेकाचं लाइफ जॅकेट स्वतः ओढून पाहिलं. मी पुढची बकलं लावून निर्धास्त झालो होतो. भाची म्हणाली, "मामा, तुझा खालचा पट्टा लोंबतोय." मांड्यांमधून घ्यायचा तो पट्टा. स्कीपरने माझं जॅकेट खांद्यांशी धरून वर खेचलं, तर ते थेट कानांपर्यंत आलं. पाण्यात पडल्यावर जॅकेट फुगतं, वर चढतं आणि माणूस त्यातून खाली निसटतो. पट्टा लावल्यावर तिने पुन्हा खेचलं. या वेळी ते जागचं हललं नाही.

मग तिने लाल, गुंडाळीदार दोरी हातात घेतली. तिचं एक टोक स्टिअरिंगजवळच्या खटक्यात, दुसरं तिच्या मांडीभोवती. ही किल कॉर्ड, चालवणारा बोटीबाहेर फेकला गेला की इंजिन बंद पाडणारी दोरी. इंजिन चालू करून तिने दोरीला हिसका दिला आणि इंजिन तत्क्षणी बंद पडलं. हे ती रोज निघताना करते.

आमची बोट रिब जातीची. खाली फायबरग्लासचा कडक, इंग्रजी व्हीच्या आकाराचा तळ आणि भोवती हवेच्या जाड नळ्या. नळ्यांमध्ये वेगवेगळे कप्पे असतात, एक फाटला तरी बाकीचे बोट तरंगती ठेवतात. ही रचना याच किनाऱ्यावर पश्चिमेला, सेंट डोनॅट्सच्या किल्ल्यातल्या अटलांटिक कॉलेजात 1960च्या दशकात घडली. नुसत्या रबरी बोटींचे कापडी तळ तिथल्या खडकाळ किनाऱ्यावर टिकत नव्हते. म्हणून मुख्याध्यापक रिअर अॅडमिरल डेस्मंड होर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी हवेच्या नळ्यांना लाकडी तळ जोडून पाहिला. पुढे होर यांनी पेटंट ब्रिटनच्या लाइफबोट संस्थेला अवघ्या 1 पौंडाला दिलं. बुडणाऱ्याला पटकन बाहेर काढता यावं, एवढंच त्यांना हवं होतं. शाळकरी मुलांनी प्लायवूड कापून जे केलं, त्याने आजवर किती जीव वाचले असतील, या विचाराने मला फार भरून येतं.

बंधाऱ्याच्या लॉकमधून, म्हणजे दोन्हीकडच्या पाण्याची पातळी जुळवणाऱ्या दरवाजांच्या कप्प्यातून, बाहेर पडलो आणि समुद्राचा नूर पालटला. ब्रिस्टल चॅनलची भरती-ओहोटी जगातल्या सर्वांत मोठ्यांपैकी आहे. इथे आणि वर सेव्हर्न नदीच्या मुखाशी उधाणाला पाणी बारा-चौदा मीटर चढतं-उतरतं. त्यात त्या दिवशी ओहोटीच्या विरुद्ध वारा होता, त्यामुळे लाटा आखूड आणि उभ्या. पुढच्या सीटवर बसायचा मोह होतो, पण तिथेच आदळआपट सर्वांत जास्त. अशा आपटण्याने मणक्याला इजा होते. स्कीपरने एका वयस्कर प्रवाशाला मागे बसवलं आणि प्रत्येक मोठ्या लाटेआधी वेग उतरवला.

फ्लॅट होम बेटाजवळ तिने इंजिन बंद केलं. "आता बघा," म्हणाली. चारच मिनिटांत समोरचं दीपगृह सरकत बाजूला गेलं. आम्ही जागेवर आहोत असं वाटत होतं, पण पाणी आम्हाला घेऊन चाललं होतं. तिने विचारलं, "पाण्यात पडलात तर काय कराल?" भाची म्हणाली, "पोहेन." स्कीपरने मान हलवली. थंड पाण्याचा पहिला धक्का श्वासावर बसतो. धाप लागते आणि त्या धापेत पाणी आत जातं. म्हणून आधी पाठीवर टेकून तरंगायचं, श्वास ताब्यात येऊ द्यायचा, हाका आणि हातपाय नंतर.

या बेटावरून आणि समोरच्या लॅव्हरनॉक टोकावरून मार्कोनीने 13 मे 1897 रोजी खुल्या समुद्रावरून बिनतारी संदेश साधला. संदेशातले शब्द होते, "तयार आहात का?" स्कीपरच्या खांद्याशी अडकवलेला व्हीएचएफ रेडिओ, म्हणजे बोटीवरचा बिनतारी संच, चॅनल 16 वर खरखरत होता. मदतीची पहिली हाक याच चॅनलवर द्यायची असते.

परतताना एक खासगी रिब शेजारून गेली. चालवणारा उभा होता आणि त्याची लाल दोरी खटक्याखाली नुसतीच लटकत होती. आमची स्कीपर एकदम गप्प झाली. 2013 साली कॉर्नवॉलमध्ये पॅडस्टोजवळ अशाच एका बोटीतून अख्खं कुटुंब पाण्यात फेकलं गेलं होतं. दोरी चालवणाऱ्याला जोडलेली नव्हती. रिकामी बोट वेगात गोल फिरत त्यांच्यावरच परत आली. वडील आणि आठ वर्षांची मुलगी गेली. बोट काही बुडाली नव्हती.

स्कीपरने हात उंचावला आणि स्वतःच्या मांडीवर दोनदा थाप मारली. तो बघत राहिला. तिने पुन्हा थाप मारली, दोरी उचलून दाखवली. शेवटी त्याने वेग उतरवला, वाकून दोरी अडकवली आणि हात हलवला. ती पुष्कळ वेळ मागे वळून त्याच्याकडे पाहत होती.

लॉकचे दरवाजे मागे मिटले, पाणी हळूहळू चढू लागलं. बोट जागची हलत नव्हती, तरी तिची दोरी तशीच होती. धक्क्याला दोर बांधून झाला, इंजिन थंडावलं, शेवटचा प्रवासी उतरला. मग तिने वाकून मांडीवरचा आकडा सोडवला.