साती आसरांचा डोह

रविवार, रात्री

आज मामीबरोबर भीमेवर जाऊन साती आसरांची, म्हणजे पाण्यातल्या सात देवींची, ओटी भरली. शेंदूर फासलेले सात तांदळे, म्हणजे देव म्हणून पुजायचे दगड, जरा बाजूला त्यांचा भाऊ म्हसोबा. हिरवा खण, हिरव्या बांगड्या, दहीभात. “लेकरांना सांभाळा गं बायांनो,” असं मामी हात जोडून पुटपुटत होती. लहानपणी याच बायांचं आम्हाला केवढं भय! भर दुपारी किंवा दिवेलागणीला एकट्यानं डोहावर जायचं नाही, आसरा ओढून नेतात.

ते भय आज मला फार शहाणं वाटलं. आसरांचं ठाणं वाटेल तिथे नसतं. नदी वळते, कातळाखाली पाणी खोल जातं, वरून संथ दिसतं आणि आत भोवरा फिरतो, तिथेच ते सापडतं. कितीतरी पिढ्यांनी आपली माणसं गमावून ही खोली ओळखली आणि शेंदरानं तिची खूण करून ठेवली.

अशा धाकानं मासेही जगले. महाडजवळ काळ नदीतल्या वाळणकोंडीच्या डोहात वरदायिनी देवीचे म्हणून महसीर मासे कुणी धरत नाही. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं १८३९ साली दख्खनच्या महसीराची शास्त्रीय नोंद केली ती पुण्याच्या मुळा-मुठेवरून, आणि आज पुण्यात तो मासा दिसत नाही. हे मला फार लागतं.

पण आमच्या भीमेत आता खोली जागा बदलते. वाळूउपशानं गुडघाभर पाण्याच्या जागी पुरुषभर खड्डे पडलेत. वर १९८० साली उजनी धरण झालं, पुराबरोबर येणारी वाळू तिथेच अडते, मग हे खड्डे भरणार कशानं? पंढरपुरात चंद्रभागेत असल्याच खड्ड्यांत वारकरी बुडालेत. आसरांच्या डोहाला पोरं अजून भितात, या खड्ड्यांत मात्र बिनधास्त उतरतात. इथे कुणाचं ठाणं नाही, कुणी कधी भीती घातलेली नाही.

परतताना मामीला हे सगळं बोलून दाखवलं. ती म्हणाली, “मग आपणच सांगायला पाहिजे की!” संध्याकाळी तिनंच शेजारच्या म्हाताऱ्या कोळीबाबांना गाठलं. उद्या सकाळी ते होडीतून बांबूनं खोली बघणार, आम्ही काठावर काठ्या रोवून लाल फडकी बांधणार. पाऊस सुरू व्हायच्या आत वरच्या वळणापर्यंत तरी व्हायला हवं.