शाम भागातले सोनखत

लेहहून श्रीनगरच्या रस्त्याने निघाले की निम्मू येथे झंस्कार नदी सिंधूला येऊन मिळते आणि तेथून पश्चिमेकडे शाम भाग सुरू होतो. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मी या भागातील एका गावात पाच दिवस मुक्काम केला. जर्दाळूला नुकता बहर येत होता, पण मी आलो होतो ते लडाखी घरातील संडासाचे खत शेतात कसे जाते हे पेरणीच्या दिवसांत, काम चालू असताना पाहण्यासाठी. कोकणात आमच्या घरामागे आजोबांनी बांधलेला दोन कप्प्यांचा संडास होता आणि त्याच्या खतावर वाढलेल्या केळी मी लहानपणी खाल्ल्या आहेत. मी शाळेत असतानाच तो पाडला गेला. तेव्हापासून हा विषय माझ्या मनातून गेलेला नाही.

लडाखी संडासाला देचोत म्हणतात. तो दुमजली असतो. वरच्या खोलीत मातीची जमीन, तिच्या मध्यभागी लांबट चौकोनी भोक, कोपऱ्यात कोरड्या मातीचा ढीग आणि त्यात खोचलेले फावडे, एवढेच सामान. पाणी आत न्यायचेच नसते. काम झाले की दोन-तीन फावडी माती भोकातून खाली लोटायची. चुलीची राख असेल तर तीही त्याच ढिगात मिसळलेली असते. ही माती शरद ऋतूतच आणून साठवावी लागते, कारण पुढे जमीन गोठते आणि कुदळ लागत नाही. पहिल्या रात्री टॉर्च घेऊन मी आत गेलो, तेव्हा दुर्गंधीची मनाने केलेली तयारी वाया गेली. सुकी माती आणि धूर यांचाच काय तो वास होता. लेहला वर्षाकाठी जेमतेम शंभर मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि हिवाळ्यात नळांतले पाणी गोठते. अशा प्रदेशात दर खेपेला बादलीभर पाणी ओतून मैला वाहून नेण्याची कल्पना कोणाला सुचली नाही, यात नवल नाही.

आमच्या यजमानीणबाई साठीच्या पुढच्या होत्या. गावात सगळे त्यांना आमा-ले म्हणत, म्हणून मीही तसेच म्हणू लागलो. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी खालच्या खोलीचे बुटके दार उघडले. ही खोली त्यांच्या यजमानांनी मध्ये भिंत घालून दोन भागांत विभागली होती आणि वरही त्याप्रमाणे दोन भोके केली होती. एक बाजू वापरात असताना दुसरीवर फळी टाकलेली असे. आज रिकामी करायची होती ती वर्षभर बंद असलेली बाजू. आत हात घालण्यापूर्वी मी थबकलो, हे कबूल करतो. आमा-लेंनी एक ढेकूळ उचलून माझ्या हातावर ठेवले आणि बोटांनी दाबायला सांगितले. ते भुसभुशीत होते, तपकिरी-करडे, मधे राखेचे पांढुरके ठिपके असलेले. दाबल्याबरोबर ते चुरले आणि बोटांना माती लागते तशीच ती पूड लागली. काही ढेकळे मात्र घट्ट होती, ती फावड्याच्या पाठीने फोडावी लागली. दोन ठिकाणी बिस्किटांच्या पुड्यांचे प्लास्टिक निघाले आणि एका ठिकाणी सॅनिटरी पॅड. आमा-लेंनी ते काठीने बाजूला काढले आणि शांतपणे म्हणाल्या, "पाहुणे टाकतात. माती होत नाही त्याची." ते वाक्य मला अजून टोचते.

विलोच्या फांद्यांनी विणलेल्या, पाठीवर घ्यायच्या टोपलीला तिथे त्सेपो म्हणतात. आम्ही चौघे, म्हणजे आमा-ले, त्यांचा मुलगा, शेजारचा एक तरुण आणि मी, दुपारपर्यंत खेपा घालत होतो. खत सातूच्या शेतात लहान लहान ढिगांनी टाकायचे आणि नांगरणीपूर्वी पसरायचे, अशी रीत आहे. मुळ्याच्या वाफ्यात ते घालत नाहीत का, असे मी विचारले. "कच्चे खातो ना आपण तो," त्या म्हणाल्या. सातू भाजून दळतात, तेव्हा त्याला चालते. कोणत्याही पुस्तकाशिवाय ही सावधगिरी घरात टिकली आहे.

तरीही एका मुद्द्यावर मी त्यांच्याशी वाद घातला. मैल्यातील सर्वांत चिवट वस्तू म्हणजे जंतांची अंडी, आणि थंडीत ती लवकर मरत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या मार्गदर्शक सूचनांत थंड हवेसाठी दीड ते दोन वर्षांची साठवण सांगितली आहे. इथे मिळते ते एकच वर्ष, आणि त्यातलेही कित्येक महिने सगळे गोठलेले. माती आणि राख यांनी ओल शोषली जाते व सामू (पीएच) वाढतो, हे खरे. पण वेळेची भरपाई त्याने पूर्ण होत नाही. काढलेला ढीग शेताच्या कडेला आणखी एक उन्हाळा झाकून ठेवावा, असे मी सुचवले. मुलाने ते मनावर घेतले. आमा-ले म्हणाल्या, "यंदा शेताला काय घालू मग?"

त्यांचा प्रश्न रास्त होता. भारतीय आहार धरला तर एका माणसाच्या वर्षभराच्या मलमूत्रात सुमारे २.७ किलो नत्र असते, त्यातले बहुतेक लघवीतून येते, आणि युरियाच्या भाषेत ते जवळजवळ सहा किलो भरते. पाच माणसांच्या घरात तीस किलो युरिया दरवर्षी तयार होतो, पैसे न देता. त्यातला काही भाग अमोनिया होऊन उडून जातो. तरी उरते ते जिथे माती वाळूसारखी हलकी आहे तिथे फार मोलाचे असते. मराठीत या खताला सोनखत हा शब्द आहे, तो मी आमा-लेंना सांगितला आणि त्याचा अर्थ समजावला. त्या खूप वेळ मान हलवत राहिल्या.

शब्द इतका मानाचा असून आपल्याकडे हे काम मात्र जातीवर लादले गेले, आणि ज्याने मैला उचलला त्याला गावाबाहेर ठेवले गेले. कोकणातील गांधीवादी कार्यकर्ते आप्पासाहेब पटवर्धन यांनी नेमके याच गाठीवर बोट ठेवले होते. १९३२ साली तुरुंगात सफाईचे काम आपल्याला करू द्यावे म्हणून त्यांनी उपोषण केले, आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी गांधीजींनी येरवड्यात उपोषण आरंभले. पुढे कणकवलीच्या गोपुरी आश्रमात त्यांनी असे संडास बांधले की ज्यांतले खत घरच्या माणसाने स्वतः काढावे आणि त्याला घृणा वाटू नये. आजोबांचा संडास हा त्याच विचाराचा होता. आमा-लेंच्या पाठीवर त्सेपो पाहताना मला तो सारखा आठवत होता.

पण इथेही चित्र बदलते आहे, आणि ते मी लपवणार नाही. शेजारच्या घरातील मुले शिक्षणासाठी चंदीगडला गेली आहेत, म्हणून तिथली खोली यंदा बाहेरून आलेल्या मजुरांनी रोजंदारीवर उपसली. त्यांना ना हातमोजे दिले होते, ना वर्षभर मुरलेला ढीग. सुट्टीच्या दिवसांत पाहुण्यांची गर्दी झाली की वापरात असलेली बाजूही अर्ध्यावर उपसावी लागते. लेहमध्ये तर अनेक हॉटेलांनी फ्लश बसवले आहेत, त्यासाठी बोअरवेलचे पाणी उपसले जाते आणि मैला त्याच जमिनीत शोषखड्ड्यांतून मुरतो. पर्यटक म्हणून मी त्या साखळीचा भाग आहे. म्हणून त्या पाच दिवसांत मी इतकेच ठरवले होते की देचोतमध्ये पाणी नेणार नाही, प्लास्टिक टाकणार नाही आणि माझ्या वाटची माती मीच आणून ठेवीन.

निघण्याच्या दिवशी पहाटे मी पाटाच्या काठावरून कोरडी माती दोन टोपल्या भरून वर नेली आणि कोपऱ्यातला ढीग पूर्ववत केला. आमा-ले आधीच आल्या होत्या. त्यांनी रिकाम्या केलेल्या बाजूवरची फळी उचलून भरलेल्या बाजूवर ठेवली, दोन्ही पायांनी दाबून ती नीट बसवली, मग नव्या भोकातून पहिले फावडे माती खाली लोटली आणि फावडे माझ्या हाती दिले.