कझाची वही आणि क्षमेची खात्री

मुसलमान घरातून मी ख्रिस्ताकडे आलो, पण माफी मिळते का, हा माझा प्रश्न कधीच नव्हता. अल्लाह गफूर (क्षमा करणारा) आहे, रहीम (दयाळू) आहे, हे कोकणातल्या मुसलमान घरातलं पोर मदरशात पहिल्याच वर्षी शिकतं. चर्चमधले काही जण सांगतात, ‘तुमच्यात क्षमाच नाही, नुसता हिशोब.’ ते खोटं आहे, आणि असं ऐकलं की आमच्यातला माणूस पहिल्याच रविवारी उठून जातो. तौबाच्या, म्हणजे पश्चात्ताप करून परतण्याच्या, अटी स्पष्ट आहेत: पाप सोडायचं, खंत बाळगायची, पुन्हा न करण्याचा निश्चय करायचा आणि कुणा माणसाचा हक्क मारला असेल तर तो परत करायचा. माझं अडत होतं त्याच्या पुढे. आपली तौबा कबूल झाली की नाही, हे मरेपर्यंत कळत नाही. खौफ (भीती) आणि उम्मीद (आशा) यांच्या मध्ये राहायचं, अशी शिकवण. अनेकांना ती पेलते, मला पेलली नाही.

माझ्याकडे कझाची, म्हणजे सुटलेल्या नमाजा नंतर भरून काढण्याची, वही होती. आम्ही शाफई पंथाचे, म्हणून रात्रीची वित्र नमाज धरायची नाही. दिवसाच्या फर्ज (सक्तीच्या) रकाती, म्हणजे नमाजाची आवर्तनं, सतरा: फजर दोन, जोहर चार, असर चार, मगरिब तीन, इशा चार. बालिग झाल्यापासून सोडलेली आठ वर्षं म्हणजे 2,920 दिवस, म्हणजे 49,640 रकाती. शंभराशंभराच्या चौकटी आखून मी त्या खोडत जायचो. रोजची नमाज सांभाळून वर एका दिवसाची कझा फेडली, तरी आठ वर्षं. यात मी एकटा नव्हतो. 1866 साली अमृतसरला बाप्तिस्मा घेतलेले मौलवी इमादुद्दीन यांनी त्याआधी मनःशांतीसाठी अल्लाहचं नाव सव्वा लाख चिठ्ठ्यांवर लिहिलं होतं आणि त्या कणकेच्या गोळ्यांत घालून माशांना खाऊ घातल्या होत्या.

हीच वही मी ख्रिस्ताकडेही घेऊन आलो, आणि पहिलं दीड वर्ष तिथेही चालवली. एका सभेत चार ओळींची प्रार्थना मागोमाग म्हणायला लावली, ‘आता तुझं तारण झालं’ म्हणून सांगितलं, बायबलच्या कोऱ्या पानावर तारीख घालायला लावली. तीन आठवड्यांत शंका आली: मनापासून म्हटली होती ना? मग पुन्हा म्हटली. अशी आठ-नऊ वेळा तरी म्हटली असेन. नियत (मनातला हेतू) बरोबर होती का, ही जुनीच चिंता अंगरखा बदलून आली होती. खात्री माझ्याच शब्दांवर टांगली होती, ती टिकणार कशी?

वाचनाचा क्रम इथे फार महत्त्वाचा. मत्तयापासून सुरुवात करू नये. पाचव्या अध्यायात राग खुनाच्या पंगतीला बसतो आणि आपल्याला वाटतं, ही आणखी कडक शरियत. मला लागू पडलेला क्रम असा: मार्क सलग, मग लूक 15, 18 आणि 19, मग रोमकरांस पत्राचे 3 ते 8 अध्याय, रोज अर्धा अध्याय, असं तीनदा. त्यानंतर इब्री 9 आणि 10. योहानाचं पहिलं पत्र शेवटी, कारण 3:9 (देवापासून जन्मलेला पाप करत नाही) आधी वाचलं तर माणूस घाबरून बंद करतो.

रोमकरांत ख्रिस्त आपल्या पापांसाठी वधस्तंभावर मेला असं येतं, आणि तिथे खरी अडचण येते. सूरह निसा 157 वधस्तंभच नाकारते, आणि कुणी दुसऱ्याचं ओझं वाहणार नाही, हे कुरआनात अनेकदा येतं. या आक्षेपाला चर्चमध्ये बहुधा न्यायाधीशाच्या मुलाने भरलेल्या दंडाची गोष्ट सांगतात. तिने काम भागत नाही, कारण मुलगा तिसराच ठरतो. मला उमगलं ते असं: कर्ज माफ होतं तेव्हा रक्कम हवेत विरत नाही, सावकार स्वतः तोटा सोसतो. वधस्तंभावर तोटा सोसणारा देवच आहे, तिसरा कुणी नाही. हे पटायला येशूचं देवपण आधी पटावं लागतं, आणि त्याला माझे सात-आठ महिने गेले.

इब्री 10:11-12 मध्ये दोन क्रियापदं आहेत. याजक (यज्ञ करणारा पुरोहित) रोज उभा राहतो, ख्रिस्त एकच यज्ञ अर्पून बसला. निर्गम 25 पासून निवासमंडपाचं, म्हणजे इस्राएलच्या तंबूतल्या उपासनास्थानाचं, सामान मोजून पाहा: मेज आहे, दीपवृक्ष आहे, वेदी आहे. याजकाला टेकायला काही नाही. (दयासन आहे, पण ते कोशाचं, म्हणजे पवित्र पेटीचं, झाकण.) काम संपतच नव्हतं, तर बसणार कोण? त्या रात्री वहीतल्या चौकटी मी पहिल्यांदा खोडल्या नाहीत.

माणसांचे हक्क मात्र उरतातच. लूक 19 मधला जकातदार जक्कय चौपट परत करतो, पण येशू त्याच्या घरी आल्यावर, आधी नव्हे. क्रम उलटा केला की ती पुन्हा कझाच होते. वहीच्या मागच्या पानावर तीन रकाने केले: कोण, काय, कसं फेडणार. एकूण अकरा नोंदी. मामाच्या गल्ल्यातून उचललेल्या पैशांची नोंद सगळ्यात वर.

बाप्तिस्म्याची घाई केली नाही. पाळकांसोबत दहा आठवडे बसलो: प्रेषितांचा मतांगीकार (विश्वासाची जाहीर कबुली), दहा आज्ञा, प्रभूची प्रार्थना, आणि पापं नाव घेऊन, एकाच माणसापुढे. पहिल्याच महिन्यात व्यासपीठावर ‘साक्ष’ द्यायला लावणाऱ्यांपासून लांब राहावं. टाळ्यांचा भर ओसरला की शंका दुप्पट होऊन येते. आमची मंडळी स्कॉटिश मिशनच्या परंपरेतली. ते मिशनरी 1823 मध्ये बाणकोटला आले, 1970 पासून ही मंडळी उत्तर भारतीय चर्चमध्ये आहे. त्या परंपरेचा सतराव्या शतकातला वेस्टमिन्स्टरचा मतांगीकार अठराव्या अध्यायात म्हणतो की खात्री हा विश्वासाचा गाभा नव्हे, खऱ्या विश्वासणाऱ्यालाही तिची फार वाट पाहावी लागू शकते. हे आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. कॅथलिकांकडे ट्रेंटच्या परिषदेने 1547 मध्ये ‘मी निवडलेल्यांत आहेच’ असं छातीठोक म्हणायला मनाई केली. तिथे भर आशेवर आहे.

बाप्तिस्म्यानंतरही पाप होतं. मग 1 योहान 1:9 (पापं कबूल केली तर तो क्षमा करतो) हाताशी येतं आणि हळूहळू त्याची वजू, म्हणजे नमाजाआधीचं हातपाय धुणं, होते: चूक, वचन, पुन्हा स्वच्छ. यावर पाळकांनी पुढचाच अध्याय उघडून दिला, 2:1. तिथे कैवारी आहे, म्हणजे वकील. मी उच्चार नीट केला की नाही, यावर तो वकीलपत्र सोडत नाही. इब्री 6 आणि मत्तय 12:31 (क्षमेबाहेरच्या पापाचे इशारे) रात्री एकट्याने वाचू नये. कुणाला तरी सोबत घेऊन, मागचा-पुढचा संदर्भ धरून वाचावं.

वही अजून आहे. पुढच्या चौकटी तशाच अर्धवट. मागच्या पानावरच्या अकरा नोंदींपैकी नऊ फिटल्या. एकाचा पत्ता लागत नाही, आणि मामा पैसे घेत नाहीत.