सक्तीच्या निर्बीजीकरणाला हरकत नोंदवताना: माझा अनुभव

१२ मार्च २०२४ ला केंद्रीय पशुसंवर्धन खात्याने राज्यांच्या मुख्य सचिवांना पत्र पाठवलं, तेव्हा चर्चा झाली ती बंदीची. धोकादायक ठरवलेल्या तेवीस प्रकारच्या कुत्र्यांची आयात, पैदास, विक्री बंद. आधीपासून घरात असलेल्या कुत्र्यांबद्दलचं वाक्य मात्र बहुतेकांच्या नजरेतून सुटलं: त्यांचं निर्बीजीकरण करून घ्यावं, म्हणजे पुढे पैदास होणार नाही. वय किती, वजन किती, मादी माजावर आहे का, कुत्रा आजारी आहे का, याबद्दल एक शब्द नाही. माझी हरकत या वाक्याला होती आणि ती आजही आहे.

१० एप्रिलला कर्नाटक उच्च न्यायालयाने ते पत्र रद्द केलं. संबंधितांचं म्हणणं न ऐकताच निर्णय घेतला, हे त्यातलं एक मुख्य कारण. मग मे महिन्याच्या सुरुवातीला खात्याने जाहीर सूचना काढली आणि ६० दिवसांत हरकती व सूचना मागवल्या. त्या वेळी जी पद्धत हाताला बसली, तीच महापालिकेच्या श्वान परवाना उपविधींना हरकत घेतानाही जशीच्या तशी चालते. म्हणून ती तपशिलात लिहितो.

ज्यावर हरकत घ्यायची तो मसुदा सगळ्यात आधी छापून घ्या आणि हातात पेन्सिल घेऊन वाचा. तेवीस नावांची ती यादी तशी वाचली की तिचं दुबळेपण दिसतं. ‘टोसा इनू’ एकदा येतं आणि पुढे ‘जपानी टोसा आणि अकिता’ म्हणून टोसा पुन्हा येतं. ‘बोअरबोएल’ स्वतंत्र आहे आणि ‘मॅस्टिफ’च्या कंसात तोच ‘बोअरबुल्स’ म्हणून पुन्हा आहे. सर्वांत घातक नोंद म्हणजे नुसतं ‘टेरियर्स’. तीन किलोचा यॉर्कशायर टेरियरही त्यात बसतो आणि ‘वुल्फ डॉग’ म्हणजे नेमकं काय, हे ओळखायची कसोटी कुठेच दिलेली नाही. यादी सैल असली की कुत्रा कोणत्या जातीचा हे शेवटी वॉर्डातला निरीक्षक नजरेने ठरवणार, आणि त्याच्या नजरेवर शस्त्रक्रिया ठरणार. ‘आमचा कुत्रा शांत आहे’ या वाक्यापेक्षा हा एक मुद्दा कितीतरी जड आहे.

दुसरं काम माहिती अधिकाराचं, आणि ते पहिल्याच आठवड्यात. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर तो योग्य ठिकाणी पाठवायला आणखी ५ दिवस जातात. हरकतीच्या ६० दिवसांत पहिलं अपील बसवायचं तर उशीर परवडत नाही. राज्य सरकारच्या किंवा महापालिकेच्या कार्यालयासाठी जोडपत्र ‘अ’ मध्ये अर्ज, त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. पहिल्या अपिलाला २० रुपयांचा स्टॅम्प. केंद्राच्या खात्यासाठी पोर्टलवर १० रुपये भरून अर्ज होतो आणि पहिल्या अपिलाला शुल्क नाही.

अर्ज फसतो तो प्रश्नाच्या शब्दांमुळे. ‘हा निर्णय का घेतला?’ असं विचारलं की ‘ही माहितीच्या व्याख्येत बसत नाही’ असं उत्तर येतं, आणि ते उत्तर कायद्याला धरून असतं. त्याऐवजी कागद मागायचा: जातींची यादी ठरवणाऱ्या समितीच्या सदस्यांची नावं, बैठकांच्या इतिवृत्तांच्या प्रती, चाव्यांच्या नोंदींपैकी जातवार वर्गीकरण असलेल्या तक्त्याची प्रत. असा तक्ताच नसेल तर ‘माहिती उपलब्ध नाही’ असं लेखी मिळतं. ते पत्र हरकतीला जोडायचं. त्याहून चांगला पुरावा मला मिळालेला नाही.

कायद्याच्या बाजूने एक चूक फार होते. निर्बीजीकरण म्हणजे प्राणिक्रूरता, असं लिहून लोक १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंध कायद्याचं कलम ११ लावतात. त्याच कलमाच्या उपकलम ३ मध्ये विहित पद्धतीने केलेलं खच्चीकरण सूट म्हणून दिलेलं आहे. हा मुद्दा पहिल्याच वाचनात बाद होतो आणि बाकीच्या पत्राची पतही घालवतो. जोर लावायचा तो कलम ३८ वर. केंद्राला नियम करायचे तर मसुदा आधी प्रसिद्ध करावा लागतो, ही अट त्या कलमातच आहे. नुसतं पत्र काढून नियमाचं काम करून घेता येत नाही, हा मुद्दा तिथून उभा राहतो.

समोरची बाजूही माहीत हवी. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत पाळीव प्राण्याच्या नियंत्रित पैदाशीची, लसीकरणाची, निर्बीजीकरणाची आणि परवान्याची जबाबदारी मालकावर टाकलेली आहे. सुनावणीत हे वाक्य पुढे केलं जातं, तेव्हा गडबडू नये. जबाबदारी मालकाची असणं वेगळं आणि ठराविक तारखेच्या आत सगळ्यांची शस्त्रक्रिया करणं वेगळं. रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या निर्बीजीकरणाचा विषय यात अजिबात मिसळू नये. त्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. तो मिसळला की वाद भटक्यांचा होतो आणि घरातल्या कुत्र्याचा मुद्दा बाजूला पडतो.

वैद्यकीय भाग नेमका लिहायचा. हाडांच्या टोकाशी वाढीच्या पट्ट्या असतात आणि त्या बंद व्हायला लैंगिक संप्रेरकं लागतात. ती लवकर काढून घेतली की हाड जास्त लांबतं आणि सांध्याचा कोन बिघडतो. मोठ्या जातींत या पट्ट्या बंद व्हायला दीड वर्षापर्यंत वेळ लागू शकतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस केंद्रातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये ७५९ गोल्डन रिट्रीव्हरच्या नोंदी तपासल्या. वर्षाच्या आत खच्ची केलेल्या नरांमध्ये खुब्याच्या सांध्याचा दोष १० टक्के, म्हणजे न केलेल्यांच्या दुप्पट. गुडघ्याचा अस्थिबंध तुटण्याचं प्रमाण न केलेल्यांत शून्य, लवकर केलेल्या नरांत ५ आणि माद्यांत ८ टक्के. मात्र २०२० मध्ये त्यांनीच ३५ जाती पाहिल्या तेव्हा हा फरक सगळीकडे सारखा नव्हता, आणि लहान जातींत बहुधा दिसलाच नाही. हेही पत्रात लिहायचं. माद्यांमध्ये गर्भाशयात पू होण्याचा धोका निर्बीजीकरणाने टळतो, हेही लिहायचं. आपलं म्हणणं ‘करू नका’ असं नाही. जात, वय आणि प्रकृती पाहून डॉक्टरांनी ठरवावं, इतकंच आहे.

आपल्याकडचं एक कारण परदेशी अभ्यासांत फारसं येत नाही, ते म्हणजे गोचीडताप. गोचिडी चावून होणाऱ्या या तापात रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट्स घटतात. रक्ताच्या अहवालात प्लेटलेट्स दोन लाखांच्या बऱ्याच खाली आल्या असतील, तर पोट उघडणं म्हणजे रक्तस्रावाला आमंत्रण. आधी उपचार, मग पुन्हा तपासणी, मग शस्त्रक्रिया. नुकती माजावर येऊन गेलेली मादीही दोन-तीन महिने थांबवतात. मराठवाड्यातले कारवान आणि पश्मी यांच्यासारख्या अंगावर चरबी नसलेल्या कुत्र्यांना काही भूलऔषधांतून बाहेर यायला जास्त वेळ लागतो. शिवाय सरसकट सक्ती आली तर या देशी जातींचं चांगलं रक्तच संपेल. मला या मुद्द्याची सगळ्यात जास्त काळजी वाटते.

डॉक्टरांचा दाखला घेताना ‘शस्त्रक्रियेस अयोग्य’ एवढ्यावर समाधान मानू नका. कुत्र्याचं वय, लिंग, वजन, कातडीखालच्या ओळख-चिपचा क्रमांक, कारण, तपासणीची तारीख, पुन्हा केव्हा तपासणार ती तारीख आणि डॉक्टरांचा पशुवैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक, हे सगळं त्यात हवं. लॉस एंजेलिस शहराने २००८ मध्ये निर्बीजीकरण सक्तीचं केलं, पण पशुवैद्याच्या पत्रावर सूट तिथेही ठेवली. हे उदाहरण पत्रात घालण्यासारखं आहे.

मसुद्यात चिपची सक्ती असेल तर तो विषय वेगळा मांडावा, कारण चिप वाईट नाही. साधारण १२ मिलिमीटर लांब आणि २ मिलिमीटर जाड काचेची नळी जाड सुईने दोन खांद्यांच्या मधे कातडीखाली सोडतात. आत बॅटरी नाही, जीपीएस नाही, फक्त १५ आकडी क्रमांक. हरवलेला कुत्रा तिने शोधता येत नाही. तो सापडला, कुणी स्कॅन केला आणि क्रमांकासमोर मालकाचा फोन नोंदलेला असला, तरच तिचा उपयोग. म्हणून हरकतीत विचारायचं: नोंदवही कुणाकडे, पत्ता बदलला तर कोण बदलणार, दुसऱ्या शहरात ती दिसणार का, वॉर्डात स्कॅनर किती? पैदास करणाऱ्यांना २०१७ च्या नियमांनुसार पिल्लू विकण्याआधी चिप बसवावीच लागते. तिथे सक्ती योग्यच आहे, कारण पिल्लू कुठून आलं हे तिथेच कळायला हवं.

चिप घेताना आयएसओ ११७८४ आणि ११७८५ या आंतरराष्ट्रीय मानकांची, म्हणजे १३४.२ किलोहर्ट्झची आहे ना, पाहून घ्या. १२५ किलोहर्ट्झची चिप पुष्कळ स्कॅनर वाचत नाहीत आणि कुत्र्याला ‘चिप नाही’ असा शेरा बसतो. युरोपात जाणाऱ्यांनी क्रम चुकवू नये: आधी चिप, मग रेबीजची लस, लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्तचाचणी आणि रक्त घेतल्यापासून तीन महिने थांबणं. लस आधी आणि चिप नंतर झाली तर ती लस धरत नाहीत, सगळं पहिल्यापासून.

पत्राची मांडणी अशी ठेवली: परिच्छेद क्रमांक, मसुद्यातलं मूळ वाक्य, हरकत, कारण, पुरावा आणि शेवटी पर्यायी वाक्य. पर्यायी वाक्य सोडू नका. वाचणाऱ्या अधिकाऱ्याला उचलून ठेवता येईल असा मजकूर तोच असतो. माझं होतं: ‘नोंदणीकृत पशुवैद्यकाने वय, जात व प्रकृती तपासून लेखी सल्ला दिल्यास निर्बीजीकरण पुढे ढकलता येईल, अशा काळात पैदास होऊ न देण्याची हमी मालक देईल.’ एकच मजकूर शंभर जणांनी पाठवला तर तो एक मुद्दा म्हणून बाजूला निघतो. शंभर जणांनी आपापल्या कुत्र्याचा दाखला जोडला, तर प्रत्येक पत्र वेगळं वाचावं लागतं.

ईमेल पाठवला तरी कागदही द्या. दोन प्रती न्यायच्या, एक आवक-जावक टेबलावर ठेवायची आणि दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्यायचा. नुसती सही चालत नाही. एका कार्यालयात आवक क्रमांक न घातलेली प्रत ‘आमच्याकडे आलीच नाही’ म्हणून परत आली होती. शेवटच्या दिवसाची वाट पाहू नका. जोडपत्रांची यादी पहिल्या पानावर लिहा आणि प्रत्येक पानावर क्रमांक घाला. सुनावणीची नोटीस आली, तर तिच्यावर आवक क्रमांकाचाच हवाला असतो.